पारपत्र एक, घरे दोन : गोव्याला मिळालेल्या एका महिन्याची गोष्ट

१/ नाशिकरोडच्या ज्या मुद्रणालयाला आपण नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतो, तेथे केवळ टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापले जात नाहीत. भारतीय पारपत्राची पुस्तिकाही तेथेच तयार होते. त्या पुस्तिकेत एक सूचना असते, ती फारसे कोणी वाचत नाही. हे पारपत्र भारत सरकारची मालमत्ता आहे, असा तिचा आशय. छायाचित्र आपले, सही आपली, बोटांचे ठसे आपले. पुस्तिका मात्र आपली नव्हे.

२/ याच शहरात, गोदाघाटावर, दुसऱ्या प्रकारची पुस्तके आहेत. तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये वही काढतात आणि कोणत्या पिढीतले कोण कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. जुनी पाने मोडीत असतात. नातू परदेशाचा नागरिक झाला म्हणून आजोबांच्या नावावर तेथे कोणी रेघ ओढत नाही.

३/ आजचा धागा या दोन पुस्तकांमधल्या अंतराविषयी आहे. विषय दुहेरी नागरिकत्वाचा. संसदेत दरवर्षी आकडे जाहीर होतात : २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले, २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी. आकडे आले की समाजमाध्यमांवर ‘गेले ते बरे झाले’पासून ‘देशद्रोही’पर्यंतचे शेरे सुरू होतात. हे शेरे मारणाऱ्यांत इतिहासाची आवड असलेले आपल्यासारखे पुष्कळ असतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

४/ प्रथम एक गैरसमज. ‘दुहेरी नागरिकत्वाला संविधानाने कायमची बंदी घातली आहे’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अनुच्छेद ९ एवढेच म्हणतो की ज्याने स्वेच्छेने परराष्ट्राचे नागरिकत्व संपादन केले आहे, त्याला अनुच्छेद ५, ६ किंवा ८ अन्वये भारताचे नागरिक मानले जाणार नाही. हे अनुच्छेद संविधानाच्या प्रारंभी नागरिक कोण, एवढेच ठरवण्यासाठी होते. पुढचे सारे अनुच्छेद ११ ने संसदेवर सोपवले. आजची बंदी १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ मध्ये आहे, आणि साध्या बहुमताने बदलता येईल असा तो कायदा आहे. बंदी हे धोरण आहे. तिला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही.

५/ हे धोरण कोठून आले? ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी मोकळेपणाने सांगितले की एखादा अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नव्हती. आश्चर्य नाही. फाळणीने लाखो माणसे दोन्ही दिशांनी ढकलली होती. कोणी गेला आणि परत आला, कोणी परवाना घेऊन आला, कोणी परवान्याशिवाय. ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर तारखेवर अवलंबून होते. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला एका नियमात, नंतर आलेला दुसऱ्या.

६/ त्या चर्चेत आंबेडकरांसमोर उभे होते आणखी एक मराठी गृहस्थ : अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. समितीचा मसुदा भारतीय नागरिकत्वाला पृथ्वीवरील सर्वांत स्वस्त नागरिकत्व करून टाकील, असा त्यांचा आक्षेप होता. प्रवासात काही तास मुंबईला थांबलेल्या परदेशी जोडप्याला तेथे मूल झाले तर तेही भारतीय होणार का, असा त्यांचा सवाल. आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू वा शीख व्यक्तीला, ती कोठेही राहत असली तरी, भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी त्यांची मागणी होती. एका बाजूला भूमी, दुसऱ्या बाजूला वंश-धर्म. सभेने भूमीची बाजू घेतली. विदर्भातल्या शेतकऱ्यांचा हा मोठा पुढारी या प्रश्नावर मला पटत नाही; पण त्याने विचारलेला प्रश्न पंचाहत्तर वर्षांनंतरही मिटलेला नाही, हे मान्य करावे लागते.

७/ मुद्दा असा : १९४९ मध्ये ‘परराष्ट्र’ म्हटले की मनात सर्वप्रथम पाकिस्तान येत असे. परदेशी पारपत्र मिळवणे हा परकीय नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा, हा कडक नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझार अहमद खान प्रकरणात उचलून धरला, तोही पाकिस्तानी पारपत्र घेतलेल्यांच्याच संदर्भात. न्यू जर्सीतला संगणक अभियंता तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. फाळणीच्या जखमेवर बांधलेली पट्टी आज आपण सर्वांच्या अंगावर चढवली आहे.

८/ आता गोव्याकडे. नागरिकत्व म्हणजे काय, हे मराठी मुलखाशेजारी कोणी अंगावर झेलून पाहिले असेल तर ते गोमंतकीयांनी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २० डिसेंबरपासून तो भारताचा भाग, हे बाराव्या घटनादुरुस्तीने नोंदले. जमीन आली, तिच्यावरच्या सुमारे ६ लाख माणसांचे काय? २८ मार्च १९६२ ला ‘गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश’ निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जो स्वतः जन्मला, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. अपवाद एकच : आदेश निघाल्यापासून एक महिन्याच्या आत ज्याने लेखी कळवले की मला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे आहे, तो.

९/ एक महिना. साडेचारशे वर्षांच्या राजवटीनंतर आपण कोण हे ठरवायला तीस दिवस. मुदत अपुरी होती, हे खरे. तरीही मला हा आदेश एका अर्थी आजच्या कायद्यापेक्षा अधिक माणुसकीचा वाटतो. त्याने निदान विचारले. ‘तुम्हांला काय हवे?’ हा प्रश्न नागरिकाला थेट विचारणारे सरकारी कागद आपल्या इतिहासात फार थोडे आहेत.

१०/ ज्यांनी ‘नाही’ म्हणून कळवले त्यांत एक धर्मगुरू होते : मॉन्सिन्योर सेबास्तियाँव फ्रान्सिस्कु शाव्हिएर दुश रेमेदियुश मोंतेरो. लोक त्यांना फादर शिकू मोंतेरो म्हणत. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले, परंतु गोवा सोडला नाही. आपल्याच भूमीत परदेशी म्हणून त्यांची नोंद झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. पुढे त्यांनी परवाना वाढवून मागितला नाही. हुकूम आला तरी गेले नाहीत. परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला : ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड.

११/ प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मोंतेरोंच्या बाजूचा युक्तिवाद असा की गोवा हा लष्करी ताब्यातील प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण मला मिळते. २६ मार्च १९६९ ला न्यायालयाने तो फेटाळला : प्रदेश देशात विलीन झाला की ‘ताबा’ संपतो, आणि त्याबरोबर ते संरक्षणही. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. त्यावर माझे दुमत नाही. मला अडते ते दुसरेच. ज्या मातीत जन्मलो, जेथे पौरोहित्य केले तेथेच राहू द्या, एवढेच हा मनुष्य मागत होता. आणि त्याच्या कागदावरचा देश मात्र हजारो मैल दूर होता.

१२/ ‘पोर्तुगीजधार्जिणा होता, बरे झाले’ असे कोणी म्हणेल. थांबा. त्याच काळात नेमकी उलटी गोष्ट लिस्बनजवळच्या तुरुंगात घडत होती. सांगलीचा मनोहर आपटे नावाचा तरुण ‘मोहन रानडे’ हे नाव घेऊन गोव्यात शिरला होता, शिक्षक म्हणून. आझाद गोमंतक दलाचा हा सैनिक १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. ज्याने त्यासाठी रक्त सांडले तो मात्र आणखी सात वर्षे परक्या तुरुंगात होता. सुटकेसाठी महाराष्ट्रात चळवळ झाली, सुधीर फडके तिच्यात अग्रभागी होते. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे मोंतेरोंचा निकाल लागण्याच्या दोनच महिने आधी.

१३/ या दोन कैद्यांना एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. एकाने स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलले, दुसऱ्याने जुन्या सत्तेचे कागद जपले. माझी निष्ठा कोणाकडे हे सांगायला नको. पण दोघांकडे एकत्र पाहा. एकाने ज्या गोव्यासाठी लढायचे तेथे राहता यावे म्हणून स्वतःचे नावसुद्धा सोडले. दुसऱ्याने कागद सोडला नाही, आणि गावही सोडले नाही. कागद आणि माती यांची गाठ सरळ कधीच नसते.

१४/ आणखी एक गंमत, जी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. म्हणजे मधली तेरा वर्षे भारताच्या कायद्याने गोमंतकीय भारतीय होते आणि पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज. म्हापशाचा बाजार, फोंड्याची देवळे, मडगावची चर्चे : सगळी वस्ती न कळत दुहेरी नागरिक! आणि त्यामुळे भारत कोठेही फुटला नाही. १९६३ मध्ये याच लोकांनी मतदान करून आपली पहिली विधानसभा निवडली. १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही हेही त्यांनीच ठरवले. (त्या कौलाचा निकाल आपल्याकडच्या अनेकांना आजही खुपतो. तो वेगळा धागा.)

१५/ पुढे जून १९७५ मध्ये पोर्तुगालने वसाहती सोडताना राष्ट्रीयत्वाचा नवा कायदा केला. अंगोला-मोझांबिकमधल्या बहुसंख्यांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व गेले. पूर्वीच्या ‘पोर्तुगीज भारता’त जन्मलेल्यांना मात्र, त्यांनी तशी इच्छा जाहीर केल्यास, ते राखता आले. आज गोव्यातून, दमण-दीवमधून माणसे लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आपला किंवा आजोबांचा जन्म नोंदवतात ती या आधारावर. तेथून युरोपची दारे उघडतात. ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडचीही उघडत. स्विंडन शहरातली मोठी गोवेकर वस्ती ही त्याचीच खूण.

१६/ पेच येथे आहे. लंडनला नोकरी करून तेथील नागरिकत्व घेणारा नवे काही मिळवतो. गोवेकर म्हणतो : मी काही नवे घेत नाही, माझ्या आजोबांचे होते तेच नोंदवतो. कलम ९ ला हा भेद कळत नाही. नुसती जन्मनोंद म्हणजे परकीय नागरिकत्व स्वीकारणे का, यावर गोव्यातील वाद निवडून आलेल्या आमदारांच्या पात्रतेपर्यंत जाऊन पोहोचला. वसाहतवादाने मागे ठेवलेला एक कागद, त्याच्या उपयोगाबद्दल आपण नातवाला जाब विचारतो. परिस्थितीला विचारत नाही. गावात पगाराची नोकरी असती तर किती जणांना आजोबांचा पोर्तुगीज जन्मदाखला आठवला असता?

१७/ आता जे देश स्थलांतरितांवरच उभे राहिले, ते काय करतात ते पाहू. अमेरिकेचा इतिहास फार गोड नाही. अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, वकील झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होण्यास अपात्र. थिंड यांच्या वकिलांत पंडित स्वतः होते. मग सरकार पंडितांचेच नागरिकत्व काढून घ्यायला निघाले. त्यांचे म्हणणे : या नागरिकत्वावर विसंबून मी मायदेशातले हक्क सोडले, येथे व्यवसाय उभा केला, संसार मांडला, आता मी कोठे जाऊ? ते जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला.

१८/ ‘परदेशात गेलेला सुखात असतो’ हे आपले गृहीतक या कथेने हलले पाहिजे. नव्या देशाने दिलेले नवा देश काढून घेऊ शकतो. अशा वेळी मागे एक दार उघडे असणे ही चैन मानता येत नाही. कित्येकांच्या बाबतीत तो जगण्याचाच आधार ठरतो.

१९/ ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अधिक उपयोगी. दुसरे नागरिकत्व घेणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाचे मूळ नागरिकत्व तेथेही आपोआप जात असे. २००२ मध्ये त्यांनी ती तरतूद काढून टाकली. मात्र संघीय संसदेत बसायचे तर दुसरे नागरिकत्व चालत नाही. त्यांच्या घटनेचे कलम ४४ तसे सांगते. २०१७ मध्ये अनेक सदस्यांची पदे त्यापायी गेली. उपपंतप्रधान बार्नाबी जॉइस वडिलांकडून न्यूझीलंडचे नागरिक ठरले आणि त्यांनाही जावे लागले. ते नागरिकत्व सोडून, पोटनिवडणूक लढवून ते परत आले. म्हणजे कुंपण घातले ते सत्तेच्या दाराशी. घराच्या उंबऱ्याशी नव्हे.

२०/ आपण काय केले? डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने २००२ च्या जानेवारीत अहवाल देऊन दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. २००३ आणि २००५ च्या दुरुस्त्यांतून निघाले ते ‘ओसीआय’ : म्हणायला भारताचे सागरपार नागरिक. प्रत्यक्षात मत नाही, निवडणूक नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आजन्म व्हिसा आहे, तो मोलाचा आहे. पण त्याला नागरिकत्व म्हणणे ही भाषेची फसवणूक. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यातला शब्दही बदलून ‘कार्डधारक’ केला. तो बदल प्रामाणिक होता. समारंभांतल्या भाषणांपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

२१/ आणि ४ मार्च २०२१ ची अधिसूचना इतिहासप्रेमींनी अवश्य वाचावी. तिच्यानुसार ओसीआय कार्डधारकाला पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी लागते, आणि संशोधनासाठीही. गुंतवणुकीला स्वागत, दप्तरखान्यात यायचे तर अर्ज.

२२/ तेव्हा माझे मत मांडतो. परदेशी स्थायिक झालेल्या, दुसऱ्या देशाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या माणसाला येथे मत असू नये. येथल्या निर्णयाचे चटके ज्याला बसणार नाहीत त्याने निर्णय करू नये. मंत्रिपदे, सैन्य, न्यायासने यांनाही तेच लागू. येथवर सुरक्षेची काळजी करणाऱ्यांशी मी सहमत आहे.

२३/ पण नागरिकत्व असे मुकाट्याने गळून पडणे मला मान्य नाही. आज कलम ८ खाली मनुष्य स्वतः लेखी त्याग करू शकतो. कलम ९ खाली मात्र परके नागरिकत्व स्वीकारले त्या क्षणी ते जाते, त्याला कळो वा न कळो. कितीतरी जणांना ही गोष्ट वर्षांनंतर, दूतावासाच्या खिडकीशी, दंडाच्या पावतीबरोबर समजते. १९६२ च्या आदेशात जे होते तेवढे तरी हवे : लेखी विचारणा, ठरलेली मुदत, म्हणणे मांडण्याची संधी. वसाहतीच्या वारशातून आलेल्या गोव्यासारख्या हक्कांसाठी वेगळी तरतूद हवी. आणि परत येऊन येथे राहू इच्छिणाऱ्याला नागरिकत्व पुन्हा मिळवण्याची वाट आजच्यापेक्षा सोपी हवी.

२४/ ‘मग राष्ट्रीय ओळख विरघळणार नाही का?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर म्हणून त्या तेरा वर्षांकडे बोट दाखवतो. दोन कायद्यांनी दोन देशांचे ठरवलेले लोक या देशात मतदान करीत होते, कर भरीत होते, विलीनीकरणावर कडाकडा भांडत होते. भांडायला माणूस आपल्याच घरात बसतो.

२५/ पुढच्या खेपेस कोणी परदेशस्थ नातलग नाशिकला आला तर त्याला पंचवटीत घेऊन जा. उपाध्ये त्याला गाव विचारतील, आडनाव विचारतील, पणजोबांचे नाव विचारतील. मग वही उघडून शेवटच्या नोंदीखाली त्याचे आणि त्याच्या मुलांचे नाव लिहून घेतील.